चालकाच्या बाजूची जाळी

लवूने पकडीने ओढून काढलेला बोळा चांगला वीतभर लांब होता. पिळून घट्ट केलेला काथ्या, आणि वर डांबराचा थर.

"सर, ही बघा तुमच्या एसीची बिमारी," तो म्हणाला. "गॅस भरा, कॉम्प्रेसर बदला, ड्रायव्हरच्या बाजूला वारा आला नसता. बाकी तिन्ही जाळ्या मोकळ्या, हीच तेवढी बुजवलेली."

"उंदरांनी केलं असेल."

"उंदीर डांबर लावतात होय?" लवू हसला. "मुद्दाम केलेलं काम आहे. इथला वारा अडला की मधल्या जाळीतून मागच्या सीटवर दणकून झोत जातो. पण बसवलान कसा, देव जाणे. डॅशबोर्ड न उतरवता माझा हात तरी जात नाय तिथं."

सुजयचे लक्ष नव्हते. मिरजोळ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, सुट्या केलेल्या काँटेसासमोर, तो हातातल्या काळ्या बोळ्याकडे पाहत उभा होता. गाडी त्याच्या वडिलांची, आत्माराम वकिलांची. रविवारी त्यांच्या जन्मशताब्दीचा समारंभ होता. सभागृहाच्या दाराशी त्यांची गाडी पूर्वीसारखीच चालू स्थितीत उभी असावी, ही सुजयचीच कल्पना. मुख्य भाषणही त्याचेच.

पुण्यातल्या विद्यापीठात तो पंचवीस वर्षे समाजशास्त्र शिकवीत होता आणि श्रमिकांची अवहेलना हा त्याच्या संशोधनाचा विषय होता. लाज वाटण्याचा त्याला दांडगा सराव होता. मात्र ती नेहमी समाजाच्या वतीने वाटत असे. आज ती घरची निघाली.

त्याला सारे आठवत होते. गाडी घेतली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता; त्या वर्षीच्या मे महिन्यात मागच्या सीटवर जेमतेम वारा येई. पुढच्या मे महिन्यात तिथे शाल घ्यावीशी वाटू लागली. पुढे पंधराव्या वर्षी त्याच गारव्यात आडवे पडून त्याने गुलामगिरीचा इतिहास वाचून काढला होता. समोर त्यांचा ड्रायव्हर दादू गाडी चालवीत असे. त्याचा सदरा पाठीला चिकटलेला असे, आणि इंजिनाची धग थेट त्याच्या पायांवर येत असे.

आणि हेच त्याचे वडील, आप्पा! दादूच्या अंगावर ओरडला म्हणून त्यांनी सुजयला एकदा छडीने फोडून काढले होते. जगासाठी छडी आणि नळीत काथ्या. तत्त्वनिष्ठेची इतकी नेटकी व्याख्या सुजयला कोणत्याही ग्रंथात सापडली नव्हती.

घरी आल्यावर त्याने बोळा आईपुढे ठेवला. आनंदीबाईंनी चष्मा लावून तो न्याहाळला.

"हे कसलं घाणेरडं आणलंस? आणि दादूच्या बाजूचं म्हणशील, तर त्याला वारा सोसत नसे रे. त्यानेच सांगितलंन होतं."

"आई, मालकांच्या सोयीचे आजार नोकरांना बरोबर कसे होतात, यावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय."

"लिहिलं असशील," आनंदीबाई म्हणाल्या. "तुझं पुस्तक काही मला वाचवलं नाही."

सुजयने भाषण नव्याने लिहिले. पहिल्याच वाक्यात काथ्याचा बोळा होता, शेवटच्या वाक्यात वडिलांच्या वतीने मागितलेली क्षमा. आत्माराम वकिलांचे नाव रत्नागिरीत पुन्हा पूर्वीसारखे घेतले जाणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने एकही विशेषण सौम्य केले नाही.

लवूने काम मनापासून केले. इंजिनाच्या भिंतीवरचा उष्णता अडवणारा कुजलेला नमदा खरवडून तिथे नवे जाड अस्तर चिकटवले, तडकलेल्या नळ्या बदलल्या, प्रत्येक नळीला फोम गुंडाळला, सांधे चिकटपट्टीने बंद केले. "सर, आता पायाला झळ लागली तर माझं नाव बदला," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी सुजय आरे गावी जाऊन दादूला घेऊन आला. दादू ऐंशीला टेकला होता. वाटेत सुजय त्याला 'दादूकाका' म्हणत होता. त्यातला 'काका' या आठवड्यातलाच होता.

शेडमध्ये दादू सवयीने चालकाच्या जागी बसला. लवूने एसी सुरू केला. उजवीकडच्या जाळीतून गार झोत आला आणि म्हाताऱ्याचे पांढरे केस हलले.

"अरे वा, बर्फच की!" दादूने चेहरा पुढे नेला. "मस्त वाटतंय ओ."

"म्हणजे वारा सोसतो तुम्हाला."

"न सोसायला काय झालं?"

सुजयने बोळा त्याच्यापुढे धरला. वाक्य त्याने घोटून ठेवले होते.

"दादूकाका, हा तुमच्या जाळीत होता. माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं तुम्हाला उकाड्यात बसवलं. मला लाज वाटते. उद्या भरसभेत मी हे सांगणार आहे आणि तुमची माफी मागणार आहे."

दादूचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने एसीचे बटण बंद केले, जणू त्याचीच चोरी उघडकीस आली होती.

"नको ओ बाळ. साहेबांचं नाव नका घेऊ. त्यांनी तीनतीनदा विचारलानी मला, दादू, तुझ्या बाजूला वारा का रे येत नाय, गॅरेजात दाखवू या. मीच म्हटलं, मला सोसत नाय, राहू द्या."

"पण तुम्ही खोटं का बोललात?"

"नायतर काय करू? साहेबांना कळलं असतं तर तुमची धडगत नव्हती." दादू समजावणीच्या सुरात म्हणाला, "हातभर पोर तुम्ही, त्या डॅशबोर्डाखाली शिरून काथ्या ठासत होतात. बॅटरीचा उजेड मीच धरलेला ना."