मनीप्लांटचा चोर

मीटिंग ऐन रंगात असताना गजेंद्रचा मोबाइल किणकिणला आणि पडद्यावर चोराचा हात दिसला. भिंतीपलीकडून वर आलेला, हिरव्या बांगड्यांचा हात. त्याने मनीप्लांटची एक फांदी चाचपली, कटकन मोडली आणि पलीकडे नेली. जाता जाता बांगड्यांमागून अर्धा चेहराही दिसला. शेजारच्या सुलोचनाबाई!

"गजेंद्र, ऐकतोयस ना?" पुण्याहून साहेबांनी विचारलं.

"हो सर," म्हणत त्याने माइक बंद केला आणि मनातल्या मनात टाळी वाजवली.

वर्ध्याच्या घरी बसून गजेंद्र पुण्याच्या कंपनीचे प्रोग्राम लिहायचा आणि उरलेला सगळा जीव अंगणातल्या कुंड्यांना लावायचा. गेल्या काही दिवसांत मनीप्लांटच्या फांद्या गायब होत होत्या. कुंडीही जागची हललेली, भिंतीला टेकलेली सापडायची. माकडांचे उद्योग समजून त्याने कॅमेरा लावला होता. पण माकडं काही बांगड्या भरत नाहीत.

चोर सापडला याहून कोण सापडलं, याचा त्याला जास्त आनंद झाला होता. त्याला कारण कुरडया.

उन्हाळ्यात त्याने झाडांसाठी फवारा बसवला होता. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की फवारा आपोआप सुरू व्हावा, असा प्रोग्रामही हौसेने लिहिला होता. एका दुपारी पारा चढला, फवारा सुरू झाला, वारा सुटला आणि सगळं पाणी सुलोचनाबाईंच्या अंगणात, बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं. प्रोग्राम अगदी बिनचूक चालला. त्यात फक्त शेजारणीच्या कुरडया धरलेल्या नव्हत्या.

"तीन दिवस गहू भिजवले मी, अन् तुह्या पोरानं पुन्हा चीक करून ठेवला!" सुलोचनाबाई भिंतीवरून कडाडल्या.

"पाणीच पडलं ना? वाळतीन पुन्हा!" गजेंद्रची आई, देवकाबाई, इकडून म्हणाल्या. शब्दाने शब्द वाढला. लग्न होऊन आल्यापासूनच्या मैत्रिणी, पण त्या दिवशी दोघींनी अबोला धरला तो धरलाच.

गजेंद्रने हात जोडून माफी मागितली. गव्हाची पिशवी नेऊन दिली, ती परत आली. सुलोचनाबाईंनी सुनेला हाताशी धरून कुरडया पुन्हा केल्या. देवकाबाईंनी मात्र यंदा केल्याच नाहीत. दर वर्षी दोघी मिळून चीक घाटायच्या. एकटीला ते झेपत नाही.

पूर्वी भिंतीपाशी व्हायच्या त्या आईच्या गप्पा आता गजेंद्रला ऐकाव्या लागत, त्याही भर मीटिंगमध्ये. ते तो हसून सोसायचा. पण संध्याकाळी आई भिंतीकडे पाठ करून एकटीच बसलेली दिसली की त्याला आपल्याच फवाऱ्याचा राग यायचा. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. प्रोग्राम बिघडला तर तो रात्रीतून नीट करायचा; आईची मैत्रीण कशी परत आणावी, हे काही त्याला उमजत नव्हतं.

आता मात्र आयती संधी चालून आली होती. मीटिंग संपताच त्याने मनीप्लांटची अख्खी कुंडी उचलली.

"कुठं चालला रे?" देवकाबाईंनी विचारलं.

"सुलोचनाकाकूकडे. हे पाह्य आई." त्याने मोबाइल पुढे धरला. "काऊन नेते बिचारी चोरून? मी कुंडीच देऊन येतो. भांडण मिटते तुमचं."

देवकाबाईंनी चष्मा पुसून व्हिडिओ दोनदा पाहिला.

"ठेव ते खाली," त्या म्हणाल्या. "देलेला मनीप्लांट लागत नाई बापा. चोरलेलाच लागते. येवढंही माहीत नाई तुले?"

"अवं, पण किती वेळा चोरन ती?"

"पहिल्या फांद्या सडवल्या तिनं. पाणी लय घालते."

"तुले कसं माहीत? तुम्ही तं बोलत नाई ना!"

देवकाबाई चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

गजेंद्रला शंका आली. त्याने व्हिडिओ मागे नेला. सकाळचं कोवळं ऊन. अंगणात त्याची आई आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला, कुंडी ओढत ओढत भिंतीला नेऊन लावली आणि एक चांगली लांब फांदी उचलून भिंतीवरून पलीकडे लोंबती सोडली.

गजेंद्रला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. त्याने कुंडी जिथली तिथे, अगदी भिंतीला टेकवून ठेवली. मग कॅमेऱ्याचं तोंड लिंबाच्या झाडाकडे वळवलं.

देवकाबाई चहा घेऊन आल्या. सोबत ताटलीत तळलेल्या, पांढऱ्याशुभ्र, फुललेल्या कुरडया.

"ह्या कुठून आल्या?" गजेंद्रने विचारलं. "आपण तं यंदा केल्याच नाई."

"चोरल्या," देवकाबाई म्हणाल्या. "डबा खिडकीतच ठेवला होता तिनं, झाकण सैल करून."