डावी बाजू

टॅलबर्ट कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम सीझनच्या पहिल्या डावाला उभी राहिली तेव्हा मैदानावर त्यांचे अकराऐवजी दहाच जण होते. फळीच्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. ती कोल्टन स्टकीची जागा. कोल्टन जुलैत, सराव चालू असताना, उन्हात कोसळला आणि उठलाच नाही.

वर स्टँडमध्ये त्याचे आईबाप बसले होते. व्हर्लिनने टीमची लाल टोपी घातली होती. सीझनच्या पहिल्या सामन्याला तो सव्वीस वर्षांत कधी टोपीशिवाय आला नव्हता. ओनिटाने लाल रंगाचं काहीच घातलं नव्हतं. येताना गाडीत तिने एकच अट घातली होती. "टाळी वाजवायची नाही. त्या माणसासाठी एकही नाही." तो माणूस म्हणजे टीमचा कोच बाल्सर. व्हर्लिनने मान डोलावली होती.

डाव सुरू करायची वेळ टीमने मुद्दाम टळू दिली. पंचाने नियमाप्रमाणे पिवळा रुमाल टाकला, समोरच्या टीमने दंड नको म्हणून हात हलवले, आणि सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मागच्या रांगेतल्या हार्लनने पुढे वाकून व्हर्लिनच्या खांद्यावर हात ठेवला. गावात हार्डवेअरचं दुकान त्याचं, आणि सल्ल्याचंही त्याचंच.

"मोठ्या मनाचा माणूस आहे कोच. ही जागा मोकळी सोडायची कल्पना त्याचीच, बरं का."

"ऐकलं," व्हर्लिन म्हणाला.

"आणि ती पाण्याची पिंपं बघ. अख्ख्या कडेने लावलीत. गेल्या वर्षी दोन होती." हार्लनने आवाज उतरवला. "सोमवारी चौकशीत जरा सांभाळून बोल, बाबा. कोच गेला की सीझन गेला. पोरगा काही त्याने परत येत नाही."

ओनिटा मागे वळली नाही. "हार्लन, तुझे पॉपकॉर्न माझ्या पाठीवर सांडतायत," एवढंच म्हणाली.

कोल्टनच्या मृत्यूच्या त्या चौकशीत बोलायचं होतं ते व्हर्लिनलाच, कारण त्या दिवशी दुपारी कोल्टनने फोन केला तो त्यालाच. 'पप्पा, सगळ्या फेऱ्या संपल्याशिवाय पाणी देत नाहीत. कालपासून उलट्या होतायत.' एवढं ओनिटाला माहीत होतं. व्हर्लिनने काय उत्तर दिलं ते तिला माहीत नव्हतं. 'सोस थोडं,' तो म्हणाला होता. 'आता कुरकुर केलीस तर सीझनभर बाकावर बसशील.' हे त्याने दोन महिने पोटात ठेवलं होतं. पोराचं बोलणं सांगितलं की बापाचं उत्तर कोणीतरी विचारणारच.

आणखी एक गोष्ट होती, आणि तिची तर त्याला स्वतःशीच लाज वाटायची. शवपेटी खड्ड्यात उतरत असताना त्याच्या मनात आलं होतं: आता डावीकडे कोण? या सीझनचा हिशोब तो मे महिन्यातच मांडून बसला होता. कोल्टन डावीकडे असला तर आठ सामने खिशात. नसला तर चार, तेही नशीब असेल तर.

टाळ्या थांबल्या. मोकळ्या जागेत एक नवा मुलगा धावत येऊन उभा राहिला. पहिल्याच वर्षाचा, लांब मानेचा, हेल्मेट डोक्यावर हलत असलेला. त्याच्यासमोरचा गडी त्याच्या दीडपट होता.

"हा कसला टिकतोय," मागून हार्लन पुटपुटला. व्हर्लिनलाही तेच वाटत होतं.

चेंडू निघाला. तो धिप्पाड गडी मुसंडी मारून आला, आणि पोरगा मागे हटला नाही. गुडघ्यांत वाकला, खांदा त्याच्या छातीखाली घातला आणि त्याला रेटत रेटत बाजूला नेलं. मधे वाट पडली. चेंडू घेतलेला खेळाडू त्या वाटेने सुटला तो तीस यार्ड, चाळीस, साठ. जी ओलांडली की गुण मिळतात त्या शेवटच्या रेषेपासून जेमतेम तीन यार्डांवर त्याला पाडलं तेव्हा स्टेडियममध्ये कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं.

व्हर्लिन उभा होता. कधी उठला ते त्याला कळलंच नाही. तो टाळ्या पिटत होता आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होता, "टिकली! डावी बाजू टिकली!"

हार्लन त्याच्या पाठीवर थापा मारत होता. खाली कडेला उभ्या असलेल्या कोच बाल्सरने वर पाहिलं, नेमकं त्यांच्याच रांगेकडे, आणि छातीवर हात ठेवला.

मग व्हर्लिनने खाली पाहिलं. सगळ्या उभ्या माणसांत ओनिटा एकटी बसली होती आणि मैदानाकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"सोमवारी तू मूग गिळून बसणार," ती म्हणाली.

"तसं नाही गं, ओनिटा. हे आपलं सवयीने..."

"मी विचारत नाहीये तुला."

तिने पर्स उचलली आणि उठली. बाहेर पडायची वाट व्हर्लिनच्या बाजूने होती. तिचा हात धरायला हवा, तिच्यामागून निघायला हवं, हे त्याला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळत होतं. खाली दोन्ही टीम पुन्हा समोरासमोर उभ्या राहत होत्या. रेषा तीन यार्डांवर होती.

ओनिटा त्याच्यासमोरून सरकत जाऊ लागली. व्हर्लिनने पाय मागे घेऊन तिला वाट दिली, आणि मैदान दिसावं म्हणून मान जराशी कलती केली.