एका दुपारची भूक

अंगणात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. द्वारकाबाईंची पाठ वळताच सुकलालतात्यांनी कंपवाताची गोळी तुळशीच्या मातीत पुरली.

डॉक्टर म्हणाले होते, “या गोळीचं शरीरात डोपामिन होतं. मेंदूत झालं तर हाताची थरथर थांबते, पोटातच झालं तर जठर सुस्तावतं.” दोन्ही झालं. दोन वर्षं भरीत समोर यायचं, भूक मात्र यायची नाही.

आज दुपारी पोट गुरगुरलं आणि तात्या हरखून पाटावर बसले. पण घास उचलताच हात असा थरथरला, की भरीत धोतरावर सांडलं. दुसरा घासही तिथंच गेला.

“गोळी कुठंय?”

“तुळशीत. एकदा भुकेनं जेवायचं होतं गं.”

“म्हणजे तुळस आता स्थिर, आणि तुम्ही डुलणार!” बाई जवळ सरकल्या. घास तात्यांच्या ओठांपर्यंत नेला आणि मागे घेतला. “लग्नात घास भरवताना लाजून माझं नाव घेतलं नव्हतंत. आज नाव घेतल्याशिवाय घास नाही.”

तात्यांना उखाणा सुचेना.

“द्वारका,” ते म्हणाले, “भूक लागलीय गं मला.”