मऊ पाण्यात वाढलेली

माशांच्या टाकीतली रोपं तिसऱ्यांदा कुजली, तेव्हापासून श्रीधरच्या जिवाला चैन नव्हतं. बार्शीत त्यांच्या नळाला यायचं ते बोअरचं जड पाणी. तो सारखा टाकीशी घुटमळायचा, पाण्यात तपासणीची पट्टी बुडवून रंग बघायचा, पुन्हा येरझाऱ्या घालायचा.

हेमांगी स्वयंपाकघरातून बघत होती. सहा शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ शिजेना. लग्न होऊन कुडाळहून आली त्याला दोन वर्षं झाली; या पाण्यानं तिचे केस मुठीमुठीनं गळत होते. फिल्टर बसव म्हटलं की श्रीधरचं उत्तर ठरलेलं, "होईल सवय."

आज तो नवी रोपं आणि फिल्टरच्या पाण्याचा जार घेऊन आला. "नाजूक असतात गं, मऊ पाण्यात वाढलेली. त्यांना इथलं पाणी कसं मानवणार?"

हेमांगीनं गॅस बंद केला. मग तिनं जार कमरेवर घेतला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि तडक न्हाणीघरात गेली.

"अगं, ते रोपांचं पाणी आहे! त्यांना आता कुठलं घालू?" श्रीधर मागे धावला.

आतून कडी लागली. "नळाचं घाल. होईल सवय!"