मिठाच्या डब्यावरची वेलबुट्टी
बायको मुलांच्या मासिकासाठी चित्रकोडी काढायची. फिक्या निळ्या अक्षरांवर लाल वेलबुट्टी; वरून लाल जिलेटीन कागद धरला की वेलबुट्टी गायब, अक्षरं हजर. ती गेल्यावर एकदा सून स्वयंपाकघरात तोच कागद धरून, बायकोने डब्यांवर रंगवलेली वेलबुट्टी न्याहाळताना दिसली. मला पाहताच तिने तो पाठीमागे दडवला. सासूसुनेचं गूळपीठ ठाऊक होतं, पण बायकोने माझ्यापासून काय लपवलं असेल? “काय चाललंय?” “काही नाही, बाबा.” “मग घाम का फुटला? आण इकडे.” कागद हिसकावून मी मिठाच्या डब्यावर धरला. बायकोचं अक्षर उमटलं: ‘ह्यांचं ब्लडप्रेशर जास्त, म्हणून अर्धाच चमचा. सांगू नकोस. ओरडतील, ओरडू दे.’ कागद परत केला, जेवायला बसलो. पहिल्याच घासाला मी ओरडलो, “भाजीत मीठ आहे की नाही?” सून हळूच म्हणाली, “आईंना ऐकू गेलं असेल.”