तेल प्यायलेली बंदूक

फाडकन आवाज झाला, नळीच्या तोंडातून निळसर धूर निघाला आणि छर्रा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. वाळूच्या गोण्यांपुढे टांगलेली बैलाच्या गळ्यातली घंटा जागची हलली नाही.

"ही छर्ऱ्याची बंदूक आहे का रॉकेलचा स्टोव्ह?" रविराज खोकत म्हणाला. "हिला तेल कुणी पाजलं?"

त्याच्या धाकट्या बहिणीने, योगिनीने, मान खाली घातली. काल खंडेनवमी होती. घरातली हत्यारं धुऊन, पुसून, तेल लावून पूजेला मांडायचं काम तिचं. विळे, खुरपी, द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या, सगळ्यांवरून तिने तेलाचं बोट फिरवलं होतं. बंदुकीला बाहेरून लावून मात्र तिचं समाधान झालं नव्हतं.

"मीच," ती म्हणाली. "मला वाटलं, आतून पण पाहिजे."

"वा! म्हणजे नळीत ओतलंस? आता भजी तळ तिच्यात."

तिचे वडील, दीपक, पलीकडे ट्रॅक्टरला झेंडूचा हार बांधत होते. त्यांनी तिथूनच निकाल दिला. "संध्याकाळी सीमोल्लंघनाला निघायच्या आत घंटा वाजली पाहिजे. नाहीतर बंदूक माळ्यावर. परत काढायची नाय."

नळी वाकवून छर्रा बसवायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि घंटेचा टण्ण ऐकायचा, याइतकं सुख योगिनीला दुसऱ्या कशातच नव्हतं.

ओट्यावर बसलेल्या खंडेराव आजोबांनी हाक मारली. "आण बाळा इकडं."

आजोबांनी बंदूक नळी खाली करून खुंटीला टांगली. खाली अंथरलेल्या फडक्यावर तेलाचे थेंब पडू लागले.

"स्प्रिंग सुटली की आतली हवा एकदम दाबली जाते," ते म्हणाले. "दाबलेली हवा तापते. तिथं तेल सापडलं की ते पेटतं. म्हणून एवढा आवाज. यात बंदुकीचा काही दोष नाय."

"मग माझाच."

"हां. आणि दुरुस्ती पण तुझीच. नळी पुसून घे, अन् उरलेलं तेल जळून जाईस्तोवर गोणीत छर्रे मारत बस. घंटेकडं बघू पण नको."

योगिनी मारत बसली. पहिले बार असे निघाले की शेजारच्या लताबाईंनी भिंतीवरून डोकं काढलं. "काय गं योगे, दिवाळीचे फटाके दसऱ्यालाच संपवते का?"

ऊन डोक्यावर आलं, मग कललं. पुरणपोळी खाऊन ती हात धुतल्या धुतल्या परत येऊन उभी राहिली. हळूहळू धूर विरळ झाला, मग थांबला. फाड् असा आवाज करणारी बंदूक पुन्हा नेहमीसारखी थप्प करू लागली. योगिनीने हुश्श केलं.

पण छर्रे मात्र गोणीवर वाटेल तिथे जात होते. एक वर, एक खाली, एक पार कडेला.

"दे इकडं, बघतो," म्हणत रविराज पुढे आला. त्याने बंदूक खांद्याशी आवळली, दातओठ खाल्ले आणि घोडा दाबला. छर्रा घंटेपासून हातभर लांब लागला. त्याने आणखी आवळून मारला. तो त्याहून लांब गेला.

"स्प्रिंगच गेली हिची," त्याने जाहीर केलं. "काढा माळ्याची शिडी."

पलीकडे दीपकनी ट्रॅक्टर सुरू केला. निघायची वेळ झाली होती.

योगिनीचे दोन्ही हात भरून आले होते. डाव्या हाताची बोटं तर मिटतच नव्हती. तिने बंदूक नुसती तळव्यावर ठेवली, खांद्याला जेमतेम टेकवली आणि गोणीवरच्या सुतळीच्या गाठीवर मारली. छर्रा गाठीतच शिरला.

खंडेराव ओट्यावरून उठले. "आत्ता काय केलंस?"

"काही नाय आबा. हात दुखताहेत. धरवतच नाहीये."

"मग धरू नको," आजोबांचे डोळे चमकले. "तशीच ठेव. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधी ही जराशी मागं-पुढं होते. इतका वेळ तू तिला दाबून धरत होतीस. होऊ दे तिला काय व्हायचं ते. आता बघ घंटेकडं."

योगिनीने नळी वाकवली, छर्रा बसवला. बंदूक तळव्यावर अशी ठेवली, जसं काही तिच्यावर पाखरू बसलंय. श्वास अर्धा सोडला.

टण्ण!

ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालं. "चुकून लागली का नेम धरून?" दीपकनी ओरडून विचारलं.

तिने बंदूक पुन्हा भरली.

टण्ण!

"नेम धरून!" योगिनी जिवाच्या आकांताने ओरडली.

"नेम धरून हो, नेम धरून!" भिंतीवरून लताबाईंनी साक्ष दिली. "मी बघितलं की!"

दीपक हसत हसत ट्रॅक्टरवरून उतरले. हारातलं एक झेंडूचं फूल तोडून त्यांनी तिच्या वेणीत खोचलं आणि ते परत गेले.

मग रविराजने गुपचूप हात पुढे केला. योगिनीने छर्रा भरला, नळीचं तोंड गोणीकडे ठेवून बंदूक त्याच्या हातात दिली. त्याने सवयीने ती खांद्याशी आवळली.

"दादा," ती म्हणाली, "आधी मूठ सोड."