बिरागोचं म्हणणं

बिरागोची पाळी आली तेव्हा ऊन नानांच्या मोठ्या छत्रीखालीही शिरलं होतं. सकाळपासून नुसती विचारपूस चालली होती. राजधानीहून, अक्राहून आलेल्या आयोगाने गावाची केली, गावाने आयोगाची केली. मग मान्यवरांची नावं घेतली, आणि राहिलेल्यांनी रुसू नये म्हणून त्यांचीही घेतली. देशाची घटना बदलायची होती, आणि लोकांचं म्हणणं ऐकायला ही मंडळी नानांच्या अंगणात बसली होती.

बिरागोने चपला काढल्या आणि ती पुढे आली. तिच्या कापडाचा काठ अजून ओला होता. सकाळी दोघा पुतण्यांनी हात धरून तिला ओढ्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून आणलं होतं.

नाना अमोआको गावाचे राजे. त्यांच्याशी थेट बोलायचं नसतं. बोलायचं ते ओच्यामे बोआतेंगशी. ओच्यामे म्हणजे राजाचं तोंड आणि राजाचा कान. ऐकलेलं तो नीट घडी घालून नानांपुढे ठेवतो.

"बोआतेंग, नानांना सांग," बिरागो म्हणाली. "नव्या घटनेत जिल्हाप्रमुख आम्हाला निवडू द्या. राष्ट्राध्यक्ष पाठवतात तो त्यांचा असतो, आमचा नसतो. आमचा लाकडी पूल मोडून नेला, सिमेंटचा बांधतो म्हणाले. तीन प्रमुख आले नि गेले, हा चौथा. ओढ्यात दोन खांब उभे आहेत, त्यांवर बगळे बसतात. आम्हीच ओंडके टाकतो म्हटलं, तर सरकारी काम आहे, हात लावू नका! माझ्या नातीचे दिवस भरत आलेत, ती पलीकडे घरी आणि दवाखाना ओढ्याच्या अलीकडे आहे. पाऊस वाढला तर पोरीला कशावरून आणू? बगळ्यांच्या पाठीवरून?"

बायका खळखळून हसल्या. आयोगाच्या शेजारी बसलेले जिल्हाप्रमुख फोनमध्ये बघत होते.

बोआतेंगने सोन्याच्या मुठीची काठी सरळ धरली आणि तो नानांकडे वळला. "नाना, ही माउली आपल्याला दीर्घायुष्य चिंतते. म्हणते, पुलाचं काम सुरू झालं, देवाच्या कृपेने तडीसही जाईल. तिच्या घरी पणतू येतो आहे, म्हणून सारं घर आनंदात आहे. निवडणुकीचं म्हणाल तर थोरामोठ्यांनी योग्य तो विचार करावा."

नानांनी मान हलवली. आयोगाच्या लॅपटॉपवाल्या मुलीने भराभर टाइप केलं आणि खात्रीसाठी मोठ्याने वाचलं, "पुलाचं काम चालू. सध्याच्या व्यवस्थेबद्दल समाधान."

"समाधान? मी कधी म्हणाले समाधान?"

"मावशी, हळू बोल," बोआतेंग कुजबुजला. "नानांपुढे असं उघडंवाघडं ठेवायचं नसतं. अर्थ तोच आहे."

"अर्थ तोच असता तर तो जिल्हाप्रमुख तिकडे असा निवांत बसला असता का?"

बिरागोच्या लग्नानंतरची ही चौथी घटना. पहिल्या वेळी या आसनावर नानांचे मामा होते, आणि ती इथेच उभी होती, कडेवर थोरली लेक घेऊन. तेव्हाचा ओच्यामेही शब्द सजवायचाच. पण तेव्हा पुराने पूल नेला की संध्याकाळी घंटा वाजायची आणि सकाळी सगळं गाव कुऱ्हाडी घेऊन ओढ्यात. कोणी घटनेला विचारायला जात नव्हतं. मोडून नेलेल्या पुलाची मधली तुळई तिच्या नवऱ्याने खांद्यावरून आणली होती.

"पुन्हा सांग," ती बोआतेंगला म्हणाली. "मी बोलले तसंच सांग."

"आजी, तुमचं म्हणणं नोंदलं गेलंय," आयोगाचे अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले. "आता पुढच्यांना येऊ द्या."

"माझं नाही नोंदलं. याचं नोंदलंय!"

आणि ती बोआतेंगच्या काठीला वळसा घालून सरळ नानांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"नाना, पूल नाही. होता, तो नेला. माझी नात तिकडे अडकली आहे. हे तुम्हाला कोणी सांगितलंय का?"

एका म्हाताऱ्याने तोंडावर हात ठेवला. नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग सवयीने बोआतेंगकडे पाहिलं. नानांच्या मागे बसलेल्या पंचांची डोकी एकत्र आली, कुजबुज झाली, आणि बोआतेंगने काठी जमिनीवर आपटली.

"नानांशी थेट बोलल्याबद्दल दंड. एक मेंढी. आज सूर्य मावळायच्या आत."

जिल्हाप्रमुखांनी फोन खाली ठेवला आणि ते पहिल्यांदाच हसले. "बरोबर आहे. रीत म्हणजे रीत."

बिरागोने मागे येऊन चपला पायात सरकवल्या.

"देईन की. चांगली गुबगुबीत देईन," ती म्हणाली. "पण मेंढी माझ्या घरी आहे, ओढ्यापलीकडे. या वयात ती उचलून मला पाण्यातून येता येणार नाही. जिल्हाप्रमुखांना म्हणावं, तुम्हीच जाऊन घेऊन या. येताना माझ्या नातीलाही आणा."

बोआतेंग नानांकडे वळला. त्याने तोंड उघडलं. याचं तो आता काय करतो म्हणून सगळं अंगण त्याच्याकडे बघत राहिलं.

"मेंढी ओढ्यापलीकडे आहे, नाना," तो म्हणाला. "नातही तिकडेच आहे."

नानांनी सावकाश मान वळवली आणि जिल्हाप्रमुखांच्या पायांकडे पाहिलं. काळे बूट होते, नुकतेच पॉलिश केलेले.